डीआरपी घ्यावी की टिकून राहावं? (मेरीलँड, एप्रिल २०२५, सर्व्हिस १९ वर्षं ५ महिने)

पोटोमॅकचा_पाहुणा
नमस्कार मंडळी, इथे फेडरल (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या) नोकरीतले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. जानेवारीत डीआरपीचा (डिफर्ड रेझिग्नेशन, म्हणजे राजीनामा आत्ता, पगार पुढचे काही महिने चालू) तो सरकारचा ‘फोर्क इन द रोड’ नावाचा ईमेल आला तेव्हा मी हसलो होतो. ‘रिसाइन’ एवढा एकच शब्द लिहून पाठवा आणि ३० सप्टेंबरपर्यंत घरी बसून पगार घ्या, मला तर फिशिंगच वाटलं, आयटीला रिपोर्ट पण करून टाकला. पहिल्या फेरीत ७५ हजार लोकांनी घेतली म्हणे. आता एप्रिलमधे आमच्या एजन्सीने दुसरी फेरी काढलीय आणि यावेळी हसायला येत नाहीये, कारण शेजारच्या टीममधली प्रोबेशनवरची पोरं फेब्रुवारीतच गेली, आठवडाभरात काय काय केलं त्याचे पाच मुद्दे लिहून पाठवायचे तो प्रकार चालूच आहे, आणि रिफ (नोकरकपात) येणार रिफ येणार असं रोज कोणीतरी कॉफी मशीनपाशी सांगतंच.

मी ५१ वर्षांचा, नोव्हेंबर २००५ ला लागलो. मुलगा ऑगस्टमधे कॉलेजला जाणार, घराचे अजून ९ वर्षं हप्ते. बायकोची नोकरी प्रायव्हेट, इन्शुरन्स माझ्याकडून. वेरासाठी (मुदतीआधीच्या रिटायरमेंटसाठी) वय ५० आणि सर्व्हिस २० वर्षं लागते. सप्टेंबरअखेर माझी १९ वर्षं १० महिने होतात, पण सिक लीव्ह ११०० तास साठलीय, ती धरली की २० च्या वर जातं. मग पेन्शन लगेच सुरू होईल ना? आईला सांगलीला अजून काही सांगितलं नाहीये. सरकारी नोकरी आपणहून सोडतात हे तिला पटायचंच नाही.

बाल्टिमोरची_मावशी
अहो थांबा, सही करू नका!! सिक लीव्ह पेन्शनची रक्कम काढताना धरतात, पात्रतेची २० वर्षं भरायला नाही धरत. सप्टेंबरला बाहेर पडलात तर दोन महिन्यांसाठी हातातोंडाशी आलेला घास जाईल, नुसती पेन्शन लांबणार नाही तर रिटायर होऊन जो हेल्थ इन्शुरन्स जन्मभर चालू राहतो तोही जाईल. मात्र जे ३१ डिसेंबरपर्यंत रिटायरमेंटला पात्र होतात त्यांना तोपर्यंत तारीख वाढवून घेता येते अशी सोय या डीआरपीत आहे. तुमची २० वर्षं नोव्हेंबरमधे भरतायत. म्हणजे करारात तारीख ३१ डिसेंबर आणि सोबत वेरा, दोन्ही स्पष्ट लिहून आलं पाहिजे, तोंडी ‘हो हो होऊन जाईल’ वर जाऊ नका. अॅडमिन लीव्हवरचे (घरी बसून पगाराचे) महिने सर्व्हिसमधे धरतात, ती काळजी नको. आणि इन्शुरन्स स्वतःच्या नावाने किंवा फेडरलच्याच फॅमिली प्लॅनमधे सलग ५ वर्षं आहे ना? ते आधी बघा.

कागद_सांभाळा
मावशींशी सहमत, पण न घेणं म्हणजे वेडेपणा असं काही नाही हां. समजा सही केली नाही आणि रिफ आली. नोटीस साधारण ६० दिवसांची. सेव्हरन्सचा (काढून टाकल्यावर मिळणाऱ्या पैशांचा) हिशोब म्हणजे पहिल्या १० वर्षांना वर्षाला १ आठवडा, पुढच्या प्रत्येक वर्षाला २, म्हणजे तुझे झाले २८ आठवडे, वर ४० नंतरच्या वयाचे दर तीन महिन्याला अडीच टक्के वाढतात, ५१ ला ते दुपटीच्या वर जातं आणि ५२ आठवड्यांच्या कमाल मर्यादेला टेकतं. वर्षाचा पगार झाला की राव. आणि रिफमधे २० वर्षं भरायला थोडेच दिवस कमी पडत असतील तर शिल्लक अॅन्युअल लीव्ह वापरून तेवढे दिवस रोलवर राहता येतं (हे फार कमी लोकांना माहीत असतं). पण मग लगेच पेन्शन मिळते म्हणून सेव्हरन्स नाही, दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही.

पेन्शन किती ते पण बघ. २० वर्षं गुणिले १ टक्का गुणिले सर्वांत जास्त पगाराच्या सलग तीन वर्षांची सरासरी. सरासरी १ लाख २० हजार डॉलर धरली तर वर्षाला २४ हजार, त्यातून टॅक्स, इन्शुरन्स, बायकोसाठी सर्व्हायव्हर (तुझ्यामागे तिला मिळणारी पेन्शन) ठेवलास तर १० टक्के कापून. ६२ पर्यंत महागाईवाढ पण नाही. त्यामुळे दुसरी नोकरी लागणारच आहे, आणि सध्या डीसीच्या आसपास सगळेच एकदम बाजारात उतरलेत.

नाशिकचा_दादा
मी तिकडचा नाही पण बोलतो. थोरल्या भावाने २०१९ ला बीएसएनएलची व्हीआरएस घेतली, ५० च्या वरच्यांना होती, ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर मुदत. ७८ हजारांवर लोक ३१ जानेवारी २०२० ला एकाच दिवशी बाहेर, जवळपास निम्मा स्टाफ. पैशाचं गणित त्याचं बरोबर होतं. चुकलं ते पुढे, सकाळी नऊला डबा कोणाला द्यायचा हे वहिनीला कळेना आणि हातात आलेल्या रकमेवर सगळ्या भाच्या-पुतण्यांचे प्लॅन सुरू झाले. आईला मात्र आधी सांग, गावातल्या कोणाकडून कळलं तर जास्त लागेल.

पोटोमॅकचा_पाहुणा
बाप रे, सिक लीव्हचं मी चक्क उलटं धरून बसलो होतो, मावशी तुम्हाला साष्टांग नमस्कार. इन्शुरन्स २०१९ पासून सलग माझ्या नावावर आहे, तिथे अडचण नाही. ४० च्या वरच्यांना आमच्या करारात विचार करायला ४५ दिवस दिलेत आणि सही केल्यावर ७ दिवसांत मागे घेता येते, त्यामुळे आज उडी मारत नाही. नोकरीच्या फाइलमधले सगळे कागद काल रात्रीच घरी डाउनलोड करून घेतले.

आज सकाळी ३१ डिसेंबरच्या तारखेबद्दल लेखी उत्तर मागायला एचआरला ईमेल केला. माझी फाइल ज्या बाईंकडे आहे त्यांचा ऑटो रिप्लाय आला. त्यांनी डीआरपी घेतलीय, शुक्रवारी शेवटचा दिवस होता.