श्रीलंकेत खुर्ची बदलली, धोरण बदललं का?

बोरूबहाद्दर:
२०१९ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अनुरा कुमार दिसानायके यांना जेमतेम ३ टक्के मतं पडली. सप्टेंबर २०२४ ला तेच अध्यक्ष झाले आणि दोन महिन्यांत त्यांच्या आघाडीने संसदेतल्या २२५ पैकी १५९ जागा खिशात घातल्या. मधल्या काळात काय झालं? दूध पावडरीच्या रांगा, पेट्रोलला क्यूआर कोडचं रेशन, कागदच नाही म्हणून पुढे ढकललेल्या शाळेच्या परीक्षा. तेव्हा सत्तेत असलेलं राजपक्षे घराणं भुकेने घालवलं, विचारधारेने नव्हे. आणि गंमत म्हणजे, ज्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीवर, म्हणजे अडचणीतल्या देशांना अटी घालून कर्ज देणाऱ्या संस्थेवर, दिसानायकेंची डावी मंडळी तुटून पडायची, त्याचाच कार्यक्रम आज तीच राबवतायत. माणसं लोक बदलतात, धोरण सावकार ठरवतो.

चहाबाज:
साफ असहमत. २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर काय सावकाराने आणला? २०२१ मध्ये कसलीही तयारी नसताना रासायनिक खतं सावकाराने बंद केली? भात झोपला, चहा झोपला, मग त्याच वर्षी बंदी गुंडाळावी लागली. एप्रिल २०२२ ला परदेशी कर्जाची फेड थांबवली तेव्हा तिजोरीत डॉलर उरलेच नव्हते. आता व्हॅट १८ टक्के. कडू आहे, पण घर चालवायचं तर उत्पन्न नको?

बोरूबहाद्दर:
हवं ना. पण कुणाकडून? साबणाच्या वडीवर कोलंबोतला बंगलेवाला जेवढा व्हॅट भरतो, तेवढाच चहामळ्यातली मजूर बाई भरते.

लाल डबा:
हा मुद्दा बोरूभाऊंचा, मान्य. पण भारताचं काय? दिसानायकेंचा पक्ष, जनता विमुक्ती पेरामुना, तमिळ प्रश्नावरच्या १९८७ च्या भारत-श्रीलंका कराराविरुद्ध शस्त्रं घेऊन उठला होता. भारतीय माल विकाल तर खबरदार, अशा धमक्या दुकानदारांना मिळायच्या. त्याच पक्षाचा अध्यक्ष डिसेंबर २०२४ ला पहिल्या परदेश दौऱ्यावर थेट दिल्लीत! २०२२ ला भारताने इंधन, अन्नधान्य, औषधं धरून सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली होती. हा बदल नाणेनिधीच्या कुठल्या अटीत बसतो?

चहाबाज:
मनपरिवर्तन म्हणायचं की गरज?

लाल डबा:
गरजच. १९९१ ला आपणही जवळपास ४७ टन सोनं गहाण टाकल्यावरच शहाणे झालो.

बोरूबहाद्दर:
हो, पण आपण हप्ता चुकवला नव्हता. आणि राष्ट्रपती भवनात घुसून कुणी पोहलं नव्हतं. कोलंबोत ९ जुलै २०२२ ला अध्यक्षांच्या निवासस्थानातल्या पोहण्याच्या तलावात लोक सूर मारत होते.