मदत हवी आहे: पुस्तकांच्या रॅकच्या फळ्या वाकल्या, सांगाडाही डोलतो

आठ महिन्यांपूर्वी घरीच पुस्तकांचा रॅक केला. सुतारकामातली माझी ही पहिलीच मोठी वस्तू. पुस्तकं लावून झाल्यावर रात्री दोनदा उठून दिवा लावून बघितला होता, इतका आनंद झाला होता. आता मात्र फळ्यांना बाक आलाय. मधल्या फळीच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणून मोजलं, तर मध्यभागी जवळजवळ २ सेंमी खाली. तिच्यावर शब्दकोश आणि मासिकांचे बांधीव अंक आहेत. मध्यंतरी सगळं उतरवून फळी उलटी बसवली. काही दिवस सरळ दिसली, मग पुन्हा झोळ.

माल पार्टिकल बोर्डचा, १८ मिमी जाड. फळी १०० सेंमी लांब, २७ सेंमी खोल. जोड म्हणजे बाजूच्या फळीतून आत मारलेले स्क्रू, बस्स. मागची भिंत दिसावी म्हणून पाठ लावली नाही. बाजूने हात लावला की रॅक डोलतो, आणि दोन स्क्रूंची भोकं भुसभुशीत होऊन स्क्रू नुसते फिरताहेत.

आता नवा करायचाय, १८० सेंमी उंच. अवजारं: ड्रिल, हातकरवत, गुण्या, चार क्लॅम्प. राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) नाही. विचारायचंय ते असं: फळी मध्ये टेकू न देता किती लांब चालेल? आणि राउटरशिवाय पक्का जोड कसा करायचा? (विकतचा घ्या, हा सल्ला कृपया नको. मला हा स्वतःच करायचा आहे.)

प्रतिसाद

तुमच्या हाताचा दोष कमी आणि मालाचा व मापाचा जास्त आहे. पुस्तकांनी गच्च भरलेल्या १ मीटर फळीवर साधारण ३० किलो वजन येतं, शब्दकोश असतील तर त्याहून जास्त. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबलेला; त्यात लांब तंतू नसतात, म्हणून तो प्लायच्या मानाने बराच मऊ. शिवाय वजन सतत राहिलं की बोर्ड महिनोन् महिने हळूहळू खचत जातो. उलटी केलेली फळी म्हणूनच पुन्हा वाकली.

लांबीचा हिशोब लक्षात घ्या. फळी पूर्ण भरलेली असेल तर बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. १०० ची ७५ सेंमी केलीत, तर तोच माल, तीच जाडी असूनही बाक एक तृतीयांशाच्या आत येतो. जाडीचा परिणाम तिसऱ्या घाताने होतो. म्हणून जाड माल शोधण्याआधी फळी आखूड करा. १८ मिमी प्लायला मी ७५-८० च्या पुढे जात नाही.

तरी शब्दकोशांच्या फळीला पुढच्या कडेखाली २० मिमी जाड, ५० मिमी उंच अशी भरीव लाकडाची पट्टी उभी चिकटवा. एवढीशी पट्टी तुमच्या अख्ख्या १८ मिमी फळीपेक्षा ताठ असते.

प्रतिसाद

डोलण्याचं कारण पाठ नसणं. चार फळ्यांची चौकट कितीही घट्ट आवळा, ती तिरकी होऊ शकतेच. ६ मिमी प्लायची पाठ कडेने आणि प्रत्येक फळीला गोंद व स्क्रूंनी बसवा, डोलणं थांबेल. भिंतीचा रंग हवा असेल तर पाठीलाच तो रंग द्या! पाठ ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. १८० × ८० च्या चौकटीत दोन्ही १९७ सेंमी भरले पाहिजेत. फरक आला तर लांब कर्णाची टोकं क्लॅम्पने जवळ ओढायची.

राउटर नसेल तर आधारपट्ट्या लावा. २० × २० मिमीची लाकडी पट्टी बाजूच्या फळीवर आतून गोंद आणि स्क्रूने बसवायची, तिच्यावर कप्प्याची फळी ठेवायची. भार पट्टी घेते, स्क्रूवर लटकत नाही. ४ मिमी स्क्रूला आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर प्लायचे थर उकलतात.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. कालची संध्याकाळ कागदावर आकृत्या काढण्यात गेली. रुंदी ८० धरली तर आतली फळी ७६.४ सेंमी येते. २४४ × १२२ चा प्लाय लांबीच्या दिशेने चिरला तर ३० सेंमीच्या चार पट्ट्या निघतात. दोन पट्ट्यांतून दोन बाजू, उरलेल्या दोनांतून प्रत्येकी तीन, म्हणजे सहा फळ्या. एका शीटमध्ये पाठ सोडून सगळं बसतंय! कप्पे खालून ४०, ३४, ३०, २९, २९ ठरवलेत. तळाची फळी जमिनीपासून ७ सेंमी वर.

पॉलिश जोडणीआधी करू की नंतर?

प्रतिसाद

मांडणी छान जमली आहे. चिरताना वरच्या थराचे तंतू शीटच्या लांबीच्या दिशेने आहेत ना ते बघा. फळीत ते लांबीला आले तरच पूर्ण ताकद मिळते. लांब चिरा हातकरवतीने सरळ येणं कठीण, शक्य तर मशीनवर कापून घ्या.

पॉलिश आधी करा. आतल्या कोपऱ्यांत नंतर पॉलिश पेपर नीट फिरत नाही. फक्त जिथे गोंद लागणार तिथे चिकटपट्टी लावून लाकूड कोरडं ठेवा, पॉलिशवर गोंद धरत नाही. वास पूर्ण जाईपर्यंत पुस्तकं लावू नका.

आणि वरची फळी दोन एल-पट्ट्यांनी भिंतीला बांधाच. लहान मुलं कप्प्यांवर पाय देऊन चढतात आणि भरलेला रॅक पुढे कलंडतो. यात चालढकल नको.

धागालेखिका

दोन भाचे आहेत, दोघेही चढणारे. आधी भिंतीतली भोकं पाडून घेते, मग प्लाय आणते. शब्दकोश आता सर्वांत खाली.