पेशंटला इन्सुलिन टोचायला कसं शिकवायचं, हे नव्या सिस्टरना कसं शिकवावं?

प्रश्न (कोथरूड): ८ नव्या सिस्टर आहेत, हाताशी दोनच दुपारी. सुरुवात कुठून करावी?

उत्तर (हडपसर): आधी सिरिंज! ४० युनिटच्या (म्हणजे दर मिलीला ४० युनिट) बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी. ४० ची बाटली आणि केशरी सिरिंज घेऊन २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट झालं तर थेट ५०, साखर धाडकन उतरते. प्रत्येकीला दोन्ही सिरिंजमध्ये पाणी ओढून खुणा मोजायला लावा. यावर एक अख्खी दुपार गेली तरी चालेल.

उत्तर (सदाशिव पेठ): "समजलं ना?" विचारणं बंद. पेशंट मान डोलावतात आणि घरी चुकतात. "काका, आता तुम्ही करून दाखवा," असंच म्हणायचं. पोटावर बोटं फिरवून गाठी शोधायलाही शिकवा. गाठीत टोचलेलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. दर वेळी बोटभर अंतर सोडून टोचायचं.

उत्तर (चिंचवड): साखर ७० च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर असेल, तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो. "गोड काहीतरी खा" एवढं मोघम सांगू देऊ नका.