'थ्रो इन गिअर'ला काय म्हणायचं? टाकणे, लावणे की जुंपणे?

प्रश्न (कोथरूड): शेणखत पांगवायच्या एका जुन्या अमेरिकन गाडीची माहिती मराठीत करतोय. इंजिन नाही, पीटीओ (ट्रॅक्टरच्या इंजिनाचा जोर अवजाराला देणारा मागचा दांडा) नाही, घोड्यांनी नाहीतर ट्रॅक्टरनं ओढायची आणि चाकं फिरली की त्यांच्याच जोरावर आतलं सगळं फिरतं. हाताशी दोन दांडे. एकानं मागचे दातेरी ड्रम चालू होतात, दुसऱ्यानं तळाची पट्ट्यापट्ट्यांची साखळी, जी खत मागं सरकवते, आणि या दांड्याला खाचा आहेत, खाच बदलली की खत कमीजास्त. दांड्यानं ड्रम किंवा साखळी चाकाला जोडायची, त्याला इंग्रजीत 'थ्रो इन गिअर' म्हटलंय. मी "दांडा टाका" लिहिलं तर बायको म्हणे कुठं टाका, उकिरड्यावर? 'ग्राउंड ड्रिव्हन'ला 'जमिनीवर चालणारं' लिहिलंय, म्हणजे बाकीची काय विमानं आहेत?

सासवडकर: चाकावर चालणारं म्हणा की राव. पेरणी यंत्राला दात्यांचं लोखंडी चाक असतं बघा, ते फिरलं की बी पडतं, यंत्र उचललं की बंद. तीच गोष्ट. आणि ती साखळी म्हणजे साखर कारखान्याची गव्हाण, मोळी टाकली की आपोआप पुढं जाते. बाकी आमच्याकडं खत पांगवतात किंवा विस्कटतात, 'पसरवतात' फक्त पुस्तकात.

प्रश्नकर्ता: विस्कटणं म्हणजे ढीग मोडणं ना? 1899 साली ओहायोतल्या जोसेफ ऑपेनहाइम नावाच्या शाळामास्तरानं जी गाडी काढली ती खत स्वतःच्या रुंदीच्या बाहेर उडवायची, म्हणून मला पांगवणंच बरं वाटतं.

पिंपरीचा रिटायर्ड फिटर: शब्द नंतर, आधी क्रम नीट लिहा. पहिल्यांदा ड्रम चालू, मग साखळी. उलटं केलंत तर बंद ड्रमवर खत दाबून बसतं, आणि मग ड्रमचा दांडा ओढला की काहीतरी तुटणारच. थांबताना आधी साखळी बंद, ड्रमला उरलेलं उडवू द्यायचं, मग ड्रम. गाडी मागं घेताना दोन्ही बंद. साखळीचं चाक टक टक करत एकेक दात पुढं जातं, सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतो तसला कुत्रा, म्हणजे दातात अडकणारी खिटी, असतो त्याला. घोडा म्हटलं तरी चालेल.

सासवडकर: मग सोपंय, जुंपा आणि सोडा. औत जुंपतो, औत सोडतो. चाकाला ड्रम जुंपायचा.

डेक्कनवरून: काका, आज लिव्हरला जुंपणे कोण म्हणतं? गिअर टाकला, गिअर काढला, विषय संपला.

सासवडकर: अहो, खतपण टाकायचं, गिअरपण टाकायचा, वाचणाऱ्यानं नेमकं काय टाकायचं?

प्रश्नकर्ता: हे पटलं. असं लिहितो: "आधी ड्रम जुंपा, मग तळसाखळी. थांबताना आधी साखळी सोडा, ड्रम रिकामा झाला की तोही सोडा." गव्हाण लिहायचा मोह झाला होता, पण गव्हाण ही जागा झाली, साखळी नव्हे. कुत्रा की घोडा एवढंच अडलंय, घोड्यांच्या गाडीत अजून एक घोडा नको, तेव्हा बहुतेक कुत्राच.