कागदावरच्या पोटगीमुळे निराधारचे १५०० नाकारायचे का?

पायवाट :
आमच्या गल्लीतल्या ताईंची गोष्ट. नवऱ्याने टाकून सात वर्षं झाली, पदरात एक पोरगा, धुणीभांडी करतात. कोर्टाने त्यांना २००० आणि पोराला १५०० महिना पोटगी लावली. दोन वर्षांत हातात आले एकूण ५०००, तेही वॉरंट निघाल्यावर, एकदाच. मग कुणीतरी सांगितलं म्हणून संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज केला. खिडकीवरच्या साहेबांनी फाइल चाळली, कोर्टाच्या ऑर्डरची झेरॉक्स काढली, २००० च्या खाली पेनाने रेघ मारली आणि म्हणाले, तुम्हाला पोटगी आहे की, तुम्ही यात बसत नाही.

आता या योजनेत घटस्फोटितेसाठी जी अट आहे ती अशी, की पोटगी मिळत नसेल किंवा अनुदानापेक्षा कमी मिळत असेल तर ती पात्र. अनुदान १५००. माझं म्हणणं एवढंच की अट ‘मिळणाऱ्या’ पोटगीची आहे, ‘मंजूर झालेल्या’ नाही. झेरॉक्सवर काय भाजी येते का? तुम्हाला काय वाटतं?

रोखठोक :
भावनेच्या भरात वाहू नका. उद्या सगळ्याच म्हणतील आम्हाला मिळत नाही, कोण बघायला जाणार? आमच्याकडे दोघं एकाच घरात नांदतात आणि कागदावर बाई परित्यक्ता, सगळ्या गावाला माहितीय. शिवाय पोरं जन्माला घालायची एकाने आणि पोसायची टॅक्स भरणाऱ्याने, हा कुठला न्याय? सरकार देतंय म्हटल्यावर नवरा कशाला देईल? खिडकीवरच्या माणसाला दोष देऊ नका, त्याच्यासमोर कोर्टाची ऑर्डर आहे, ती तो खोटी कशी म्हणणार.

तारीखवाला :
तालुका कोर्टात बसतो म्हणून सांगतो. ऑर्डर खोटी नसते दादा, पण ऑर्डर म्हणजे पैसे नव्हेत. पोटगीचं कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १२५, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४. नवऱ्याने थकवलं की बाईने परत वसुलीचा अर्ज टाकायचा, नोटीस, मग वॉरंट, पोलीस म्हणणार पत्त्यावर सापडत नाही, मग पुढची तारीख. प्रत्येक थकलेल्या महिन्याला एक महिन्यापर्यंत जेल होऊ शकते, आणि जेलमध्ये बसला म्हणून थकबाकी फिटत नाही हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय. पण आधी सापडायला तर हवा. आणि एक गोष्ट ज्यांना लागू आहे त्यांनी लिहून ठेवा, रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वॉरंटसाठी अर्ज करावा लागतो. वर्षभर ‘देईल देईल’ म्हणून वाट बघत बसलेल्या किती बायकांचे जुने महिने वॉरंटच्या बाहेर गेलेत ते मी बघितलंय.

निराधारबद्दल अजून एक गंमत. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार. २००० गुणिले १२ म्हणजे २४ हजार, झाली बाई श्रीमंत! धुणीभांड्याचे पैसे तर धरलेच नाहीत अजून.

घाटावरचा :
सगळे बाईच्या बाजूने बोलताय म्हणून मी दुसरी बाजू सांगतो, शिव्या घाला हवं तर. मी पिकअप चालवतो, महिना १४-१५ हजार सुटतात, त्यातले ४००० पोटगीला जातात, एक महिना चुकवला नाही. म्हातारी आई माझ्याकडेच असते, तिचं औषधपाणी. तिकडे बायकोला लाडकी बहीणचे १५०० चालू आहेत, शिवणकाम करते ते वेगळं. माझा साधा प्रश्न आहे, सरकार महिन्याच्या महिन्याला तिच्या खात्यात टाकतंय ते तिचं उत्पन्न नाही तर काय आहे? माझ्या पगाराची स्लिप कोर्टात फिरते, तिचं पासबुक का नाही?

सांजवात :
@घाटावरचा, दादा तुम्ही नियमाने देताय म्हणून आधी हात जोडते, खरंच, असे कमी असतात. पासबुक दाखवायला लागतंच, २०२० च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून दोघांनीही उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचंय, तिने लपवलं असेल तर तुमच्या वकिलाला सांगा. पण दाखवणं वेगळं आणि तुमच्या ४००० मधून वजा करणं वेगळं. ते १५०० तिच्या हातात किती पक्के आहेत? सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी काढली, त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार मागितला. ओटीपी जाणार नवऱ्याच्या मोबाइलवर! माझी मावसबहीण अंगणात मोबाइल धरून बसलेली मी बघितलीय, त्याला फोन लावते, तो कट करतो, ती परत लावते. सहा वर्षं ज्याचं तोंड बघितलं नाही त्याच्याकडे ओटीपीसाठी गयावया. नंतर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, घटस्फोटाची ऑर्डर अंगणवाडी सेविकेकडे द्या म्हणाले, पण जिची केसच अजून चालू आहे तिच्याकडे कुठली ऑर्डर? असल्या पैशाच्या भरवशावर कोर्टाने बापाची जबाबदारी कमी करायची?

आणि मुलांचं तर पूर्ण वेगळं. लाडकी बहीण बाईला आहे, पोराची फी त्यातून धरायची नाही.

रोखठोक :
मग दोन्हीकडून मिळालं तरी चालेल असंच ना? सरळ बोला की.

सांजवात :
खरोखर मिळत असेल तर नका देऊ निराधार, मी कुठे भांडतेय. एकीकडून कागद आणि दुसरीकडून नकार, त्याला ‘दोन्हीकडून’ म्हणत नाहीत.

ऱ्हाइनकाठ :
मूळची साताऱ्याची, जर्मनीत अकरा वर्षं. इथे ‘उंटरहाल्ट्सफोरशुस’ म्हणून प्रकार आहे, नाव उच्चारताना दात पडतात पण काम सोपं. दुसऱ्या पालकाने मुलाचे पैसे दिले नाहीत की मूल १८ वर्षांचं होईपर्यंत सरकार आगाऊ देतं, मोठ्या मुलांना थोड्या जास्त अटी आहेत. २०२५ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलाला महिना २२७ युरो. आणि बापाकडून वसूल करायला सरकारी ऑफिस त्याच्या मागे लागतं, आईने कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत. सगळं वसूल होतं असं नाही हां, बरंचसं बुडतंच. पण बुडतं ते सरकारचं, पोराच्या ताटातलं नाही. @रोखठोक, ‘नवरा कशाला देईल’ याला हे उत्तर आहे, त्याची सुटका होत नाही, फक्त सावकार बदलतो.

रोखठोक :
जर्मनीत प्रत्येकाचा पत्ता आणि पगार सरकारला ठाऊक असतो. इथे पोलिसाला वॉरंट घेऊन माणूस सापडत नाही, तिथे तहसीलदार काय वसूल करणार? तरी एवढं मान्य, वसुली सरकारने अंगावर घेतली तर माझा अर्धा विरोध संपला. अर्धाच.

तारीखवाला :
@पायवाट, ताईंना सांगा, वसुली अर्जाच्या रोजनाम्याची, म्हणजे कोर्टात तारखेतारखेला काय झालं त्या नोंदीची, सर्टिफाइड कॉपी काढा, किती रक्कम जमा झाली ते त्यात दिसतं. बँक पासबुक दोन वर्षांचं जोडा आणि अर्ज तोंडी नाकारू देऊ नका, लेखी मागा. आणि पोरासाठी बालसंगोपनचं विचारा, २२५० महिना आहे, एक पालक असलेल्या मुलांना मिळतं, ते खातं वेगळं आहे, महिला व बालविकास.

पायवाट :
सगळ्यांचे आभार, @घाटावरचा तुमचेही. बालसंगोपनचं ताईंना कुणी सांगितलंच नव्हतं. कॉपीसाठी सोमवारी अर्ज टाकतोय, ताईंना त्या दिवशी एका घरचं काम सोडावं लागेल. साहेब म्हणाले निराधारचे अर्ज बघणाऱ्या समितीची बैठक कधी ते अजून ठरलं नाही.