बचत गटातल्या बायकांना कायद्याचं ट्रेनिंग द्यायचंय, नाशिकमध्ये कोणाला बोलवू? (बजेट १२ हजार)

सिडकोवाली_ताई:
नमस्कार मंडळी. सिडको-अंबड भागातल्या आमच्या बचत गटांमधल्या १५ जणी तयार झाल्यात. होतं काय, घरात मारहाण, छळ चालू असलेल्या बायका हप्ता भरायला येतात आणि सगळ्या गेल्या तरी बसून राहतात. मग बोलतात. आणि आम्ही "होईल ग नीट" याच्यापुढे काही सांगू शकत नाही. तर या १५ जणींना एवढं यायला हवं की कायद्याने काय काय करता येतं, कुठे जायचं, काय फुकट आहे हे समोरचीला साध्या भाषेत सांगता येईल. वकील व्हायचं नाहीये कोणाला. बजेट १२ हजार, चहा-नाश्ता धरून. बऱ्याच जणी कंपनीत पॅकिंगला आहेत म्हणून रविवारच जमतो. ट्रेनर कोण, किती दिवस, वाचायला काय द्यावं? चौघींना वाचायला जड जातं हे धरून सांगा.

द्राक्षवाला:
ताई गंगापूर धरणाकडे एखादं रिसॉर्ट घ्या, २ दिवस मुक्कामी. आमची औषध कंपनीची डीलर मीट झाली होती तिकडे, माणशी अडीच हजार, जेवण एक नंबर. बायका घराच्या बाहेर पडल्या की डोकं चालतं त्यांचं, घराजवळ ठेवलं तर अर्धं लक्ष गॅसवर.

पंचवटीकर:
१५ गुणिले २५०० किती होतात दादा? ३७,५००. बजेट शीर्षकात लिहिलंय.

द्राक्षवाला:
चांगल्या कामाला स्पॉन्सर मिळतो. मी आपलं सुचवलं.

गॅझेट_गुरू:
एक छोटा प्रोजेक्टर घेऊन टाका, मी ७ हजारात घेतला, भिंतीवर ८० इंच दिसतं, मॅच बघायला पण होतो. कायद्याचे व्हिडिओ यूट्यूबवर ढिगाने आहेत, ट्रेनर कशाला लागतो?

काळा_कोट:
जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करते, कौटुंबिक केसेसच जास्त बघते. पहिलं म्हणजे ट्रेनरचे पैसे वाचवा. सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानक) कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, सचिवांच्या नावाने अर्ज द्या, कायदेविषयक शिबिर फुकट होतं, पॅनेलवरचे वकील पाठवतात. त्याच ऑफिसातून बाईला केस लढायला वकीलही फुकट मिळतो आणि बाईसाठी उत्पन्नाची अट नाही, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं, "नवरा कमावतो मग कसा मिळेल" म्हणून गप्प बसतात.
आता काय शिकवायचं ते. दोन रस्ते वेगळे करून सांगा, बाकीचं नंतर. एक पोलिसांचा. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता, जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९८अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. दुसरा रस्ता कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचा. तो कोणाला आत टाकायला नाहीच, हिंसा थांबवायला आहे. त्रास देऊ नको असा आदेश (कलम १८), घराबाहेर काढू नको (१९), खर्चाला पैसे (२०), मुलांचा तात्पुरता ताबा (२१). अर्ज मॅजिस्ट्रेटकडे जातो, संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) करता येतो, वकील नसला तरी अडत नाही, माहेरी येऊन राहिली असेल तर माहेरच्या गावातूनही करता येतो. कोर्टाचा आदेश नवऱ्याने मोडला की मग तो गुन्हा, १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींना नवरा जेलमध्ये नको असतो, मार बंद हवा असतो आणि डोक्यावरचं छप्पर हवं असतं, पण आधी कोणीतरी त्यांना नुसतं "पोलीस स्टेशनला जा" एवढंच सांगितलेलं असतं आणि त्या घाबरून परत घरी.
फी विचारण्यासाठी मेसेज करू नका, इथेच विचारा.

नाशिकरोडचा_आहे:
हे सगळं ठीक आहे पण खोट्या केसेसचं काय? माझ्या मावसभावाला ४९८ मध्ये अडकवलं, आई-बाप म्हातारे, सगळे पोलीस स्टेशनला. आता १५ बायका ट्रेन करून घरोघरी केसेस लावणार का? पुरुषांसाठी पण ट्रेनिंग काढा.

काळा_कोट:
भावाचं काय झालं माहीत नाही, पण तक्रार आली की लगेच उचलायचं हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच बंद केलंय, अर्नेश कुमारचा निकाल, अटकेची गरज का आहे ते पोलिसांना लेखी द्यावं लागतं. आणि वर लिहिलंय ते परत वाचा, मी तर पोलिसांशिवायचा रस्ता सांगतेय.

नाशिकरोडचा_आहे:
वाचलं. तरी पण एकतर्फी वाटतं.

पंचवटीकर:
दुसरा धागा काढा ना राव त्यासाठी.

जुनी_कार्यकर्ती:
ताई, मी बरीच वर्षं समुपदेशन केलंय म्हणून जरा लांब लिहिते. एका संस्थेने अशाच बायकांसाठी मोठं शिबिर घेतलं होतं, बाहेरून साहेब आणले, सकाळपासून कलमं, कलमं, कलमं, जेवणानंतर निम्म्या जणी डुलक्या घेत होत्या आणि महिन्याने विचारलं तर एकीलाच फक्त "चारशे अठ्ठ्याण्णव" एवढं आठवत होतं. कलम नंबर पाठ करून घेऊ नका. एकीला बाई करा, एकीला ऐकणारी, आणि प्रसंग करून बघा. बाई म्हणते "मला केस करायची नाही", आता ऐकणारी काय बोलणार? बाई म्हणते "आज रात्री तो मला मारून टाकेल", आता? यातच सगळं शिकतात.
काय करायचं नाही हे आधी शिकवा. नवऱ्याला फोन करून समजावायला जायचं नाही, त्याने रात्री तिलाच जास्त मार बसतो. घर सोड किंवा सोडू नको, दोन्ही सांगायचं नाही. तिच्यापुढे चार रस्ते ठेवायचे, प्रत्येकाने काय होईल आणि काय होणार नाही ते सांगायचं आणि गप्प बसायचं, हे गप्प बसणंच सगळ्यात अवघड जातं आपल्याला. हातात पत्रक देऊ नका, पर्समध्ये सापडलं की संपलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नाही, बहुतेकींचा फोन नवरा बघतो.
गळा दाबला होता का, पेटवून देईन म्हणाला का, मार वाढत चाललाय का, पोटुशी आहे का, हे न लाजता विचारायला शिकवा. यातलं काही असेल तर कायदा वगैरे नंतर, आधी आज रात्री ती कुठे झोपणार ते बघायचं.
आणि दवाखाना. सिव्हिलला जखम दाखवताना कोणी मारलं ते डॉक्टरला स्पष्ट सांगायला सांगा. बाई म्हणते "जिन्यावरून पडले", कागदावर जिना येतो, वर्षभराने कोर्टात तोच कागद पुढे येतो.

गॅझेट_गुरू:
पत्रक नको तर मग प्रोजेक्टरच बरा की.

हेल्पलाइन_लिहून_घ्या:
१८१ महिला हेल्पलाइन, ११२ पोलीस, १५१०० मोफत कायदेशीर मदत. सगळ्यांनी सेव्ह करा.

सातपूर_एमआयडीसी:
हेच लिहायला आलो होतो. १८१, ११२, १५१००. आणि सखी वन स्टॉप सेंटर पण असतं, तिथे तात्पुरतं राहायला, पोलीस, वकील, डॉक्टर सगळं एका ठिकाणी. फोटो काढून फ्रिजवर लावा.

जुनी_कार्यकर्ती:
फ्रिजवर नका लावू हो! आत्ताच सांगितलं ना. पाठ करून घ्या किंवा "पार्लर" नावाने सेव्ह करा. आणि पोलीस स्टेशनच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष असतो तेही सांगा, तिथे पोलीस नाही तर प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसतात. १९८४ पासून मुंबईत सुरू झालेलं आहे हे, नंतर राज्यभर गेलं. तक्रार न देताही बोलता येतं तिथे.

जुनं_नाशिक:
आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांना हे चालतं का? कोणीतरी सांगितलं हा कायदा हिंदूंसाठी आहे.

काळा_कोट:
२००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. लग्न न करता नवरा-बायकोसारखे राहत असतील तरी लागू होऊ शकतो. फक्त बायकोच नाही, आई, बहीण, विधवा वहिनी, त्याच घरात राहत असेल तर तिलाही. म्हातारीला मुलगा मारतो तिथेही चालतो, हे ट्रेनिंगमध्ये जरूर घ्या, तशा केसेस वाढल्यात. आणि घर सासूच्या नावावर आहे म्हणून "निघ" म्हणतात ना, त्यावर सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलंय की सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरसुद्धा सुनेसाठी सामायिक घर ठरू शकतं. मालकी मिळत नाही, राहण्याचं संरक्षण मागता येतं.

विधी_स्वयंसेवक:
मी पॅरा लीगल व्हॉलंटिअर (पीएलव्ही), म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक आहे, ओळखपत्र आहे माझ्याकडे, पोलीस स्टेशनला गेलो की खुर्ची देतात. तुमच्या १५ जणींनी पण विधी सेवा प्राधिकरणाकडे पीएलव्ही म्हणून अर्ज करावा. नुसत्या बचत गटाच्या बाईला कोण विचारतं?

द्राक्षवाला:
नाश्त्याला मिसळ ठेवा, पण पाव कमी पडू देऊ नका.

पंचवटीकर:
मिसळ खाऊन कायदा ऐकणार? झोपतील. पोहे ठेवा.

सिडकोवाली_ताई:
सगळ्यांना धन्यवाद, मिसळवाल्यांनाही. एक विचारायचं राहिलं. आमच्यातली एक म्हणाली, मी कोणासाठी संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं आणि तिच्या नवऱ्याने माझ्यावरच केस केली तर?

काळा_कोट:
याच कायद्याच्या कलम ४ मध्ये उत्तर आहे. हिंसा होतेय असं वाटण्याला कारण असेल तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. पण बाईला न विचारता कळवू नका, कायदा परवानगी देतो म्हणून. आणि अजून एक, कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न असं आहे, प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. हे आधीच सांगा. मध्ये अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मागता येतो, कलम २३, तोच खरा कामाचा.

जुनी_कार्यकर्ती:
आणि ताई, १५ पैकी एखाद-दोघी स्वतःच्या घरी मार खात असतील हे धरूनच चाला. प्रसंग करताना रडायला लागेल कोणीतरी, त्या दिवशी कार्यक्रम घाईने पुढे रेटू नका.

सिडकोवाली_ताई:
ठरलं बरं का. रिसॉर्ट नाही, प्रोजेक्टर नाही, आणि शिबिरही पहिल्यांदा नाही. रविवारी कोर्ट बंद, ऑफिसं बंद, म्हणजे रविवारचं ट्रेनिंग म्हणजे बंद दाराबद्दलच ऐकणं झालं. मी पाच-पाच जणींचे गट करून कामाच्या दिवशी नेणार. सिटीलिंक बसने सीबीएस, विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊन विचारायचं, संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते बघायचं, विशेष सहाय्य कक्ष बघायचा, कोर्टाच्या गेटमधून आत जाऊन बाहेर यायचं. आमच्या निम्म्या जणींनी कोर्ट बाहेरूनच बघितलंय, त्या दुसरीला "भिऊ नको" काय सांगणार. १२ हजारातले बहुतेक पैसे त्यांच्या बुडालेल्या रोजाला देणार. रविवारी अंगणवाडीत दोन-दोन तास कार्यकर्ती ताईंनी सांगितलं तसे प्रसंग. वकील मॅडमना तिसऱ्या महिन्यात बोलवू, तोपर्यंत आमचे प्रश्न तयार होतील.

विधी_स्वयंसेवक:
बघून काय होतं? आणि समाजसेवेचा रोज द्यायचा? ही पद्धत चुकीची आहे, उद्या सगळ्या पैसे मागतील.

सिडकोवाली_ताई:
मागू देत. खाडा झाला की ठेकेदार पगारातून कापतो, तो समाजसेवा म्हणून सोडत नाही.

काळा_कोट:
मला शिबिर आधी हवं होतं, पण तुमचं कळलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत नका येऊ, ऑफिसात कोणी भेटत नाही. सकाळी या.

मखमलाबादची:
आमच्याकडच्या तिघी तुमच्या गटात घेता का? रोज आमचा आम्ही भरू.

सिडकोवाली_ताई:
घेते. नावं इथे लिहू नका, मेसेज करा. आणि तिघी एकमेकींच्या नात्यातल्या असतील तर ते पण कळवा, वेगळ्या गटात टाकते.