मदत हवी आहे: कमी डोसचं निवोलुमॅब कुणी घेतलंय का?

काकांचा तोंडाचा कॅन्सर मानेत उलटलाय, ऑपरेशन शक्य नाही. डॉक्टरांनी केमोच्या गोळ्यांसोबत दर 3 आठवड्यांनी 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं इंजेक्शन) सुचवलंय. टाटा मेमोरियलच्या 2022 साली छापून आलेल्या अभ्यासात 151 रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले सुमारे 16 टक्के, हे इंजेक्शन जोडल्यावर 43. वाचून खूप आशा वाटली. पण काकांना आधीच थायरॉइड आहे, त्याची धास्ती वाटते.

कुणाच्या घरी दिलं असेल तर कृपया सांगा. जुलाब, खोकला, थायरॉइडचा त्रास वाढला का? अख्खी बाटली विकत घ्यावी लागली, की रुग्णांना एकाच दिवशी बोलावून वाटून देतात? आणि लातूर-सोलापूरकडे कुठे मिळतं? काकूंना दर खेपेला मुंबई झेपणार नाही. सोमवारी डॉक्टरांना उत्तर द्यायचंय.